हंगामी कंत्राटी कामावर परदेशी मास्टर्सची फेलोशिप मिळते का?

काठावरचं_कासव (काणकोण)
शिक्षण: बीएस्सी 3 वर्षांची, त्यावर एमएस्सी प्राणिशास्त्र, गोवा विद्यापीठ, 2022. त्यानंतर गालजीबाग-आगोंद किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या घरट्यांच्या नोंदी, तीन हंगाम, नोव्हेंबर ते मार्च, मानधनावर. शिवाय एका वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर खारफुटीचं सर्वेक्षण, आठवड्याला 3 दिवस. संवर्धन विषयात परदेशी मास्टर्स करायचं आहे, स्वखर्चाने शक्य नाही. चेव्हनिंग (ब्रिटन), फुलब्राइट (अमेरिका), डाड (जर्मनी) या शिष्यवृत्त्यांपैकी कुठे अर्ज करण्यात अर्थ आहे? 'अनुभव' नेमका कसा मोजतात?

म्हादईकाठ
तिघांची मोजपट्टी वेगवेगळी आहे. घोळ होतो तो इथेच.

चेव्हनिंग तास मोजतं, किमान 2,800. तुमचा एक हंगाम साधारण 21 आठवड्यांचा. आठवड्याला 40 तास धरले तर 840, तिन्ही हंगामांचे मिळून 2,520. खारफुटीचे 30 आठवडे, दिवसाला 8 तासांप्रमाणे आठवड्याला 24, म्हणजे 720. बेरीज 3,240. बसता. पण खारफुटीचा दाखला नसेल तर 2,520वर अडकता, म्हणून तो कागद आधी मिळवा. एमएस्सीच्या डिझर्टेशनचं (प्रबंधाचं) फील्डवर्क यात घालू नका, अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असलेलं काम चालत नाही.

फुलब्राइट-नेहरूच्या (फुलब्राइटची भारतीयांसाठीची योजना) मास्टर्सला 3 वर्षांचा पूर्णवेळ, पगारी अनुभव लागतो. तुमचे पूर्णवेळ महिने 15च. यंदा तो नाद सोडा. एक बरं आहे, तीन वर्षांची नुसती बीएस्सी त्यांना पुरत नाही, पण एमएस्सी असल्याने ती अडचण तुम्हाला नाही.

डाडच्या विकास-संबंधित अभ्यासक्रमांना किमान 2 वर्षांचा अनुभव लागतो. 15 महिने अधिक खारफुटीचे 7 अर्धवेळ, म्हणजे फार तर 4 धरा: 19. अजून एक पूर्ण हंगाम केलात की काठावर 24. त्यांची दुसरी अट मात्र उलट्या दिशेने चालते: शेवटची पदवी सहसा 6 वर्षांपेक्षा जुनी नको. 2022ची पदवी म्हणजे 2028पर्यंत सवड आहे, पण अनुभव वाढवत बसायला अमर्याद वेळ नाही.

रानदाखला
वरचं गणित बरोबर. फक्त गणित दाखल्यावर उमटलं पाहिजे. आपल्याकडे संस्था एका ओळीत लिहून देतात: 'यांनी 2022 ते 2025 आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून काम केले.' या एका वाक्यात तीन चुका आहेत. महिने नाहीत, तास नाहीत, आणि मानधन घेऊनही 'स्वयंसेवक'. असं लिहून घ्या: '1 नोव्हेंबर 2023 ते 31 मार्च 2024, आठवड्याला 40 तास (रात्रीची गस्त धरून), मासिक मानधन, काम: घरट्यांची नोंद, अंडी हलवणे, पिल्ले सोडण्याचा तपशील.' प्रत्येक हंगामाचा दाखला वेगळा. गस्तीची हजेरीवही असेल तर तिचे फोटो काढून ठेवा, समुद्रकाठची वही दोन पावसाळे टिकत नाही.

डाडला कागदांची शिस्त जास्त. युरोपास (युरोपातला ठरावीक) नमुन्यातला सीव्ही, प्रेरणापत्र, दोन्हीवर हाताने केलेली सही. मालकाचं शिफारसपत्र लेटरहेडवर, अलीकडच्या तारखेचं, सही आणि शिक्क्यासह. शिक्का विसरला जातो हमखास. अर्ज थेट त्या त्या विद्यापीठाकडे जातो (ड्रेस्डेन आणि ग्योटिंगेनला उष्णकटिबंधीय वनशास्त्र आहे), आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असते.

सत्तरीकर
वनखात्यातले कोणी हे वाचत असतील तर: रजेचा प्रश्न अर्जाआधी सोडवा. 1972च्या केंद्रीय रजा नियमांप्रमाणे अभ्यास रजेला साधारण 5 वर्षांची सेवा लागते, संपूर्ण सेवेत मिळून 24 महिन्यांपर्यंत मिळते, आणि परत येऊन सेवा करण्याचा बॉण्ड लिहून द्यावा लागतो. ऑफर लेटर आल्यावर एनओसीची फाइल हलवायला घेतली तर उशीर झालाच म्हणून समजा.

गोव्यापुरती एक गोष्ट, जी कोणी स्पष्ट बोलत नाही. घरच्यांनी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज राष्ट्रीयत्व घेतलं असेल, तर डाडची 'विकसनशील देशाचा नागरिक' ही अटच डळमळते. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि अर्जात राष्ट्रीयत्वं विचारलेली असतात. तिथे लपवाछपवी करू नका. इरास्मस मुंडसचं (युरोपीय संघाची मास्टर्स शिष्यवृत्ती) दार सगळ्या देशांना उघडं आहे, तिथे शिष्यवृत्ती महिन्याला 1,400 युरो आहे आणि शिकवणी शुल्क भरावं लागत नाही.

म्हादईकाठ
चेव्हनिंगबद्दल राहिलेलं. अर्जात तीन अभ्यासक्रम निवडायचे, पण विद्यापीठांचा प्रवेश तुम्ही स्वतंत्रपणे मिळवायचा. ही दोन वेगळी दारं आहेत. चेव्हनिंगचा अर्ज साधारण ऑगस्टला उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला बंद होतो. केंटमधलं ड्युरेल इन्स्टिट्यूट, इंपीरियलचं सिल्वूड पार्क, ऑक्सफर्डचा जैवविविधता-संवर्धनाचा अभ्यासक्रम यांच्या प्रवेशाच्या तारखा याच्याशी जुळत नाहीत. केंब्रिजचा कॉन्झर्वेशन लीडरशिप एमफिल या घडीला तुम्हाला जड आहे, तिथे वर्गात बरीच वर्षं काम केलेले लोक बसतात.

निबंधांत 'कासवं वाचवायची आहेत' हे सगळेच लिहितात. तुम्ही दिव्यांवर लिहा. पिल्लू वाळूतून वर आलं की क्षितिजाच्या उजळ बाजूकडे सरकतं. शॅकचा (किनाऱ्यावरच्या खानावळीचा) पांढरा दिवा मागे असेल तर समुद्र सोडून तिकडे जातं. मग पुढचे प्रश्न: किनाऱ्यावरच्या प्रकाशाचे नियम कोण करतं, कोण राबवतं, आणि ते शिकण्यासाठी अमुकच अभ्यासक्रम का. परतल्यावरची दोन वर्षं चेव्हनिंग भारतातच मागतं, तेव्हा परत येऊन कुठल्या टेबलावर बसणार तेही लिहा.

काठावरचं_कासव
देव बरें करूं सगळ्यांना. खारफुटीच्या संस्थेत तेव्हाचे समन्वयक आता नाहीत. दाखला कोणाकडून घ्यायचा?

रानदाखला
संस्थेच्या विद्यमान सचिवांकडून, जुन्या मानधनाच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट पुढे ठेवून. समन्वयकांकडून फक्त शिफारस घ्या, तीही खाजगी जीमेलवरून नको.