रनिंग बॅकचा गुडघा गेल्यावर पुढं काय होतं?

कृष्णाकाठ, सांगली:
मंडळी नमस्कार. मावसभाऊ अमेरिकेत कॉलेजला आहे, त्याच्या नादानं मी तिकडचा फुटबॉल बघायला लागलोय, म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे, बॉल काखेत मारून पळायचा तो. त्यातला रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, बघितला की मला आपला कबड्डीतला रेडरच आठवतो, सगळे एकट्याला धरायला टपलेले. मीपण तासगावकडं रेडर होतो, एस.वाय.ला अँकल होल्डमधनं, म्हणजे घोट्याच्या पकडीतनं, सुटायला वळलो आणि गुडघ्यात कट्कन आवाज आला, एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडणारं लिगामेंट, गेलं. ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, टीमकडनं साधा फोन नाही. तिकडं अशा पोरांचं काय होतं?

सातारकर:
भावा, मी आठ वर्षं ओहायोत होतो, शनिवारी कॉलेज फुटबॉल सोडून दुसरं काही बघायचोच नाही. मार्कस लॅटिमोर शोध. साऊथ कॅरोलायना युनिव्हर्सिटीचा, २०१० ला पहिल्याच वर्षी ११९७ यार्ड पळाला, पळून १७ टचडाऊन, म्हणजे बॉल घेऊन समोरची शेवटची रेघ गाठायची. २०११ ला डावा गुडघा गेला, तरी घाम गाळून परत उभा राहिला, आणि २७ ऑक्टोबर २०१२ ला टेनेसीविरुद्ध उजवा गुडघा निखळला, आतली लिगामेंट तुटली. दोन दिवसांनी २१ वा वाढदिवस होता रे त्याचा. दोन्ही टीमची पोरं मैदानात येऊन त्याच्याभोवती उभी राहिली. २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रो, म्हणजे व्यावसायिक टीमनं खेळाडू निवडीच्या चौथ्या फेरीत घेतला खरा, पण एकही मॅच न खेळता २०१४ ला थांबला. मग परत जाऊन डिग्री पूर्ण केली, पुढं त्याच युनिव्हर्सिटीत खेळाडूंना घडवायचं काम केलं.
मला राग येतो तो वेगळ्याचा. शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय प्रोमध्ये घेत नाहीत, म्हणजे अंगातली सगळ्यात भारी वर्षं कॉलेजसाठी, आणि हातात तेव्हा फक्त स्कॉलरशिप. नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली जुलै २०२१ ला. लॅटिमोरच्या वेळी काहीच नव्हतं.

मिरजेची फिजिओ:
दादा, एसीएल धडकेनंच जातं असं नाही, पाय रोवलेला असतो आणि अंग वळतं तेव्हाच जास्त वेळा जातं, म्हणून रेडर आणि रनिंग बॅक दोघांचं दुखणं एकच. दीड वर्ष झालंय म्हणता, मग एक करा, गुडघ्याच्या वाटीपासून वर चार बोटं सोडून दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं मोजा. फरक असेल तर ताकद अजून आलेली नाही, पळायची घाई करू नका. आणि टी.वाय. सोडलं नाही ना?

कृष्णाकाठ, सांगली:
ताई, आत्ता मोजलं, डावी मांडी दीड इंच बारीक आहे. टी.वाय.ची परीक्षा राहिलीय, फॉर्म भरतो. सोमवारी मिरजेला दाखवायला आलो तर चालेल का? सातारकर दादा, लॅटिमोरच्या त्या मॅचचा व्हिडिओ लावला होता, समोरच्या टीमची पोरं चालत आली तिथं बंद केला.