मदत हवी आहे : निर्यातीच्या चर्चेत खर्चीवाल्याने म्हणणं कुठे मांडायचं?

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचे साधे यंत्रमाग आहेत, खर्चीवर म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने सुती ग्रे (प्रक्रिया न केलेलं कोरं) कापड विणतो. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा पुढच्या ऑर्डरी अडकल्या आणि व्यापाऱ्याने बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) देणंच कमी केलं. प्रतिपिक (आडव्या धाग्यांच्या हिशोबाने मिळणारी) मजुरीही पाडली. सरकार चर्चा करतं ती निर्यातदारांशी. आमच्या नावावर निर्यातीचा एक कागद नाही, कापड मात्र आमच्याच मागावरचं. हे कुणीतरी सांगायलाच हवं.

पीडेक्सिल (यंत्रमाग विकास व निर्यात प्रोत्साहन परिषद) किंवा वस्त्रोद्योग आयुक्तांकडे खर्चीवाल्यांपैकी कुणी निवेदन दिलंय का? सोबत जॉबवर्कची बिलं जोडली तर चालतात का? २४ जुलै २०२५ च्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ग्रे कापड कुठे बसतं, तेही माहीतगारांनी कृपया सांगा.