बाराखडी तोंडपाठ, पण ‘मका’ वाचता येत नाही: दुसरीच्या मुलांसाठी काय करावं?

जत_दुसरी:
नमस्कार. जत तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता दुसरी, पट २३. त्यातल्या ९ मुलांना सगळी बाराखडी तोंडपाठ आहे. फळ्यावर ‘मका’ लिहिलं की ‘म, क ला काना का’ म्हणतात आणि थांबतात. शब्द कोणता झाला विचारलं की गप्प. चौघांच्या घरी कन्नड बोलतात. रोज ४० मिनिटं वेगळी काढता येतील. पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू करू का?

खडू_फळा:
मॅडम, मुळाक्षरांपासून नको. क ख ग घ ङ हा क्रम उच्चारावरून लावलेला आहे. पाचही अक्षरं आली तरी पोराच्या हाती कामाचा शब्द लागत नाही.

आधी १० अक्षरं क्रम मोडून दाखवा. मग ‘लामी’, ‘रोबा’ असे अर्थ नसलेले शब्द द्या. पाठांतर किती आणि वाचन किती, ते तिथे लगेच कळतं.

पहिला गट म, क, र, ल, ब आणि काना एवढाच घ्या. त्यातून मका, काम, मला, लाल, बाक, बारा, करा, राम, काका, मामा, बाबा एवढे शब्द होतात, ‘काका, काम करा’ हे वाक्यही होतं. मुलाला पहिल्याच आठवड्यात अर्थ लागणारं काहीतरी वाचता आलं पाहिजे. दुसऱ्या गटात न, स, प, त आणि दुसरी वेलांटी. दिसायला सारखी अक्षरं (म-भ, ब-व, घ-ध, थ-य) एका गटात कधीच नको. एक पक्कं झाल्यावर दोनेक आठवड्यांनी दुसरं आणा.

आणि ‘क ला काना का’ वाचताना बंद करा. ते लिहिण्याच्या वेळी ठीक. वाचताना एवढं म्हणून होईपर्यंत आधीचा ‘म’ डोक्यातून गेलेला असतो, मग जोडायला काही उरत नाही. ‘का’ पाहिल्याबरोबर ‘का’ आलं पाहिजे. बोट अक्षराखालून न थांबता सरकवत म…का, मका.

दुसरी अडचण ‘अ’ची. सुटं अक्षर आपण पूर्ण ‘अ’ लावून म्हणतो, पण बोलताना शेवटचा, कधी मधलाही ‘अ’ गळतो. ‘काम’चा उच्चार ‘काम्’, ‘बसला’चा ‘बस्-ला’. मूल ‘ब-स-ला’ म्हणत असेल तर ‘चुकलं’ म्हणू नका. ‘आता घरी बोलतोस तसं म्हण’ एवढं सांगा.

माणदेशी:
वरच्या सरांशी सहमत, एक भर. गटातले शब्द मुलं वाचतील, पण त्यावर भूक भागत नाही. शिक्षकाने रोज १० मिनिटं चांगली गोष्ट मोठ्याने वाचून दाखवलीच पाहिजे, पहिल्या दिवसापासून. ‘अक्षरं झाली की मग पुस्तकं’ या हिशोबात काही मुलांच्या हाती वर्षभर पुस्तक पडत नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन आणि प्रगत शिक्षण संस्थेने मराठीतल्या सुरुवातीच्या वाचनावर बरंच काम केलं आहे, ते जरूर समजून घ्या.

उरलेल्या ३० मिनिटांत: ५ मिनिटं जुनी कार्डं, १० नवीन अक्षर व शब्द जोडणं, १० जोडीने वाचन, ५ मिनिटं पाच शब्दांचं श्रुतलेखन. वेळ कमी पडला तर कार्डं गाळा, श्रुतलेखन नको. अक्षर नुसतं ओळखीचं झालंय की पक्कं, ते लिहिताना दिसतं.

पहिली वेलांटी उशिरा घ्या. ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, म्हणून मुलं आधी ‘इ’ म्हणून मोकळी होतात. तिच्यासाठी एसटीच्या पाट्या वापरा: मिरज, विटा. बिनमात्रेचं ‘जत’ तर दारातच आहे.

जत_दुसरी:
धन्यवाद. कन्नड बोलणारी मुलं ‘भ’ चुकवतात, ते कसं हाताळू?

कृष्णाकाठ:
ताई, ‘भ’चं काय वाचतात ते नीट ऐका. ‘म’ वाचत असतील तर चूक डोळ्याची, आकार एकत्र ठेवून गाठीचा फरक दाखवा. ‘ब’ वाचत असतील तर चूक कानाची. रोजच्या कन्नड बोलण्यात ब-भ, क-ख हा फरक पुष्कळदा पुसट असतो. तिथे कार्डं दाखवून उपयोग नाही. आधी पुस्तक मिटून घार-गार, भार-बार, खार-कार अशा जोड्या ऐकवा, चित्रावर बोट ठेवायला सांगा. तोंडापुढे तळहात धरला की ‘भ’चा श्वास जाणवतो.

‘पाणी’ला कुणी ‘पानी’ म्हणालं तर ती वाचनातली चूक धरू नका. शब्द कळलाय, घरची बोली तशी आहे. चार आणि चारा यांतला ‘च’ही वेगळा उच्चारतात, ते अर्थावरूनच ठरतं.

जोडाक्षरं शेवटी. आधी तेच अक्षर दोनदा येणारी: पक्का, पत्ता, कच्चा. मग पहिल्या अक्षराचा दंडा (उभी रेघ) मोडून वेगळं अक्षर जोडणारी: पुस्तक, रस्ता. ‘र’ला स्वतंत्र आठवडा द्या: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे आपल्या साताऱ्याकडच्या. ही जोडी मुलं विसरत नाहीत.

निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं लक्ष्य दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, अर्थ समजून. या ९ जणांच्या मागे घड्याळ आताच लावू नका. दर शनिवारी न पाहिलेल्या पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर पुढचा गट, नाहीतर त्याच गटाचे नवीन शब्द.