टेबल हाताने रंगवायचं की टेबल स्टाइल वापरायची?

मूळ मत
मोठ्या अहवालात प्रत्येक टेबलाचा अवतार वेगळा असतो. एकाला जाड बॉर्डर, दुसऱ्याला निळं हेडर, तिसरं उघडंबोडकं. माझं ठाम मत आहे की वर्डमध्ये टेबलाला हाताने रंग देणं बंदच करावं. 'टेबल डिझाइन'मध्ये स्वतःची एक स्टाइल, म्हणजे टेबलाचं रूप ठरवणारा साचा, बनवा. हेडर रो, टोटल रो, पहिला कॉलम, एकाआड एक पट्टे, सगळ्यांचं रूप तिथे वेगवेगळं ठरवता येतं. हाताने पट्टे रंगवलेल्या टेबलात मधेच एक ओळ घालून बघा. नवी ओळ शेजारणीचाच रंग घेते, दोन करड्या ओळी एकाखाली एक येतात आणि तिथून खाली सगळं पुन्हा रंगवत बसा. स्टाइल असेल तर पट्टे आपोआप सरकतात.

प्रतिसाद 1
पटलं नाही. टेबल स्टाइलमध्ये अक्षरांचा आकार 9 पॉइंट ठरवला, पण नॉर्मल स्टाइलमध्ये (साध्या मजकुराच्या मूळ स्टाइलमध्ये) कुणी 12 ठेवले असतील तर टेबलातही 12च दिसतात. नवखा माणूस वैतागून सगळं सिलेक्ट करतो, हाताने 9 करतो, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! शिवाय कॉलमची रुंदी स्टाइलमध्ये साठतच नाही. त्यापेक्षा एक नमुना टेबल 'क्विक टेबल्स'मध्ये (वर्डमधल्या तयार टेबलांच्या संग्रहात) ठेवावं आणि हवं तेव्हा घालावं.

मूळ लेखक
आणि शेवटच्या दिवशी कुणी हेडरचा रंग बदलायला सांगितला तर? तुमच्या नमुन्यातून निघालेली सगळी टेबलं एकेक करून धुंडाळावी लागतील. (नमुनाच स्टाइल लावून बनवलात तर रुंदीही मिळेल आणि माझी काहीच हरकत नाही.)
अक्षरांचं काम टेबल स्टाइलकडे द्यायचंच नाही. 'टेबल मजकूर' आणि 'टेबल शीर्षक' अशा दोन पॅराग्राफ स्टाइल करा. बॉर्डर, शेडिंग आणि सेलमधली मोकळी जागा तेवढी टेबल स्टाइलकडे. देवनागरीत तर याला पर्यायच नाही. वर्ड कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा, फॉन्ट आणि आकार वेगळा साठवतं. तो ठरवला नाही तर एकाच सेलमध्ये इंग्रजी शब्द 9चे आणि मराठी 12चे दिसतात.

प्रतिसाद 2
तुम्ही दोघंही धरून चालला आहात की सगळे वर्डच वापरतात. लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्रॅममध्ये टेबल स्टाइल 2017 साली, 5.3 आवृत्तीत आल्या. पण वर्डच्या फाइलमधली टेबल स्टाइल तिथे थेट फॉरमॅटिंग होऊन, म्हणजे हाताने रंगवल्यासारखी, उतरते. दिसायला ठीक, पण स्टाइलशी नातं तुटलेलं. फाइल चार हातांतून फिरणार असेल तर मी फक्त तीन आडव्या रेषा देतो. शेडिंग नाही, पट्टे नाहीत, बिघडायला काही उरत नाही.

प्रतिसाद 1
चार कॉलमना ठीक आहे. दहा कॉलमच्या आकडेवारीत पट्टे नसले की नजर हमखास खालच्या ओळीवर घसरते.

मूळ लेखक
म्हणूनच पट्टे हवेत. फिरून आलेल्या फाइलवर शेवटचा हात वर्डमध्ये फिरवा आणि स्टाइल पुन्हा लावा. मात्र नुसतं क्लिक करू नका. स्टाइलवर राइट क्लिक करून फॉरमॅटिंग पुसून लावायचा पर्याय घ्या, नाहीतर हाताने दिलेले जुने रंग तसेच वर राहतात.