हक्कसोडपत्राची तारीख ठरलीय, आणि मला सही करायची नाही

मांजराकाठ

माझं माहेर औसा तालुक्यात, सासर लातुरात. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं. साडेअकरा एकर काळी जमीन, एक विहीर, सोयाबीन आणि मधे तुरीचे पाटे. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. आई भावाकडंच असते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणावळी उठल्यावर चुलत्यांनी ओसरीवर विषय काढला. "पोरींनो, एकदा औश्याला येऊन सह्या करून जावा, त्येचं सगळं अडकून पडलंय." आम्ही आमचा वाटा भावाला सोडतो असं लिहून द्यायचं, त्यासाठी रजिस्ट्री ऑफिसची तारीख आधीच ठरवलेली. वैनीनं दोघींना साड्याही आणून ठेवलेल्या, त्याही नेहमीच्या नाहीत, चांगल्या भारीतल्या. ताईनं तिथंच मान डोलावली. मी नुसतं "बघू" म्हणाले, तर ओसरीवरची माणसं अशी गप्प झाली की मीच उठून चहा ठेवायला आत गेले.

तुझं मत काय, असं विचारलं नाही म्हणता येणार नाही. विचारलं. "तुला काय कमी हाय बाई?" हे विचारणंच. याला उत्तर काय द्यायचं?

गावाचा हिशेब असा. माझ्या लग्नात, १९९९ साली, आबांनी दोन एकर विकलं. म्हणून माझा वाटा "लग्नातच गेला". ते पैसे हुंड्यात आणि मांडवात गेले, माझ्या हातात रुपया आला नाही. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी वाटणीच्या हिशेबात तो रीतसर खर्च म्हणून धरतात. ताईच्या बाबतीत तर चुलते म्हणतात, तिचं लग्न किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षीचं, तिला कायद्यानंच काही नाही.

वैनीचं वेगळं. तिनं तिच्या माहेरी, उदगीरकडं, भावाला सही देऊन टाकलीय. मला म्हणाली, "मी काही बोलले का?" तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

सगळ्यात अवघड गोष्ट ही की माझ्या सासूबाई म्हणतात, "सोडू नकोस." त्यामुळे मी उद्या "नाही" म्हटलं की माहेरी त्याचा अर्थ एकच लागणार, जावयाची नजर आहे. नवरा "तुझं तू बघ" म्हणून पेपरात डोकं घालून बसलाय. खरं तर मला जमीन कसायची नाही, विकायची तर मुळीच नाही. आबांच्या सातबाऱ्यावर माझं नाव असावं एवढंच. पण पुढच्या येळवसेला, वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, मला कोण बोलावणार? मुलीचं लग्न दोनतीन वर्षांत येईल. मांडवात नवरीला आणायला मामा लागतो, तो येईल का?

आपल्याकडं कुणी सातबाऱ्यावर आपलं नाव राहू देऊनही माहेर राखलंय का? घरात नेमकं काय आणि कसं बोललात, ते सांगा. कोर्टात जा म्हणणारे कृपया नकोत.

कोरडवाहू

परभणी जिल्हा. मी भावाच्या बाजूनं लिहितो, राग मानू नका.

सातबाऱ्यावर चार नावं असली की काय होतं ते शेत करणाऱ्यालाच कळतं. पीककर्जाला बँक म्हणते सगळ्या खातेदारांची संमती आणा. विमा भरताना सामाईक क्षेत्र, संमतीपत्र. अतिवृष्टीचं अनुदान आलं तर ते एकाच्या खात्यावर टाकायला पुन्हा बाकीच्यांची संमती. एक बहीण पुण्यात, एक नांदेडला, आणि इकडं विम्याची मुदत संपत आलेली. दरवेळी फोन करून "ताई, सही" म्हणायचं. बहीण देते हो, पण दाजी विचारतात, "कशाची?" तिथून पुढं गोडी राहत नाही. आईचा दवाखाना, गावातली लग्नंकार्यं, भाऊबंदांचे आहेर, हे सगळं त्याच शेतातून करायचं असतं.

माझ्या बहिणींनी सह्या दिल्या, मी घेतल्या. त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. पण खरं सांगायचं तर बायको तिच्या भावाला सही द्यायला निघाली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिला म्हणालो, थोडं थांबायचं होतं. ती म्हणाली, तुमच्या बहिणी थांबल्या होत्या का?

तेव्हा तुमच्या वैनीवर चिडू नका.

बालाघाटची लेक

बीड जिल्हा. मी वाटा घेतला. दोन भाऊ, मी एकटी बहीण. नवरा वारला तेव्हा मुलं शाळेत होती, "तुला काय कमी" म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, तरी म्हणालेच. गावात बायका पाणवठ्यावर मला ऐकू जाईल असं बोलायच्या, बहीण असून भावाचं खाल्लं.

थोरला अजून बोलत नाही. त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका कुरियरनं आली, घरी कुंकू लावायला कुणी आलं नाही. मी गेले, आहेर केला, जेवले आणि परतले. धाकटा दोन पावसाळे अबोल होता. मग स्वतःच आला, म्हणाला, "तुझं रान पडीक राहू लालंय, मी करतो." आता बटईनं तोच करतो. कापसाचा हिशेब वहीत लिहून आणतो. बाहेरच्या कुणाला कसायला दिलं नाही, ते बरं केलं. दिलं असतं तर तोही तुटला असता.

"सगळे गोड राहतील" असा मार्ग शोधत असाल तर माझ्याकडं नाही. कोण किती दिवस रुसेल याचा अंदाज मात्र बांधता येतो. तुमचा भाऊ एकटा असताना कसा बोलतो? ओसरीवर चुलत्यांसमोर भाऊ वेगळा असतो. माझे दोघंही तसेच होते.

निवृत्त महसुली

ताई, दोन गोष्टी एकात कालवल्या गेल्यात. वारस फेरफार वेगळा, हक्कसोड वेगळं. आधी आबांच्या जागी सगळ्या वारसांची नावं लागतात. त्यानंतर ज्याला सोडायचं असेल तो नोंदणीकृत दस्तानं सोडतो. ओसरीवर मान डोलावणं कागदावर शून्य. दस्त एकदा नोंदवला की मात्र तो मोडायला दिवाणी कोर्ट लागतं, म्हणून घाईत सही नको.

चुलते ताईंबद्दल सांगतात तो कायदा जुना. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण २२ जूनआधी लग्न झालेल्या वगळल्या. गावागावांत तेवढंच लक्षात राहिलंय. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं हा हक्क जन्मानं असल्याचं स्पष्ट केलं. ताईंचं लग्न १९९२ चं असलं तरी फरक पडत नाही.

आणि आई? तुमच्या आख्ख्या पोस्टमध्ये आईच्या वाट्याचा उल्लेख नाही. आबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, दोघी बहिणी आणि भाऊ, चौघांना सारखा चौथा हिस्सा. हक्कसोडाच्या मसुद्यात आईचं नाव सोडणाऱ्यांत घातलंय का ते आधी वाचा. बहुतेक ठिकाणी घालतात आणि म्हातारीचा अंगठा घेतात, कारण ती "कुठं जाणार आहे".

नोकरीत असताना एक पाहिलंय. शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम झाली तेव्हा आमच्या भागात गड्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, सत्कारही झाले. तेच लोक बहिणीचं नाव काढायला माझ्या टेबलासमोर रांगेत असायचे. बायकोच्या नावानं जमीन घरातच राहते ना.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. मसुदा मागवला. आईचं नाव सोडणाऱ्यांत आहे, पहिल्याच ओळीत. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय करायचंय, पोरगा जेवाय घालतो की." मी काही बोलले नाही.

भाऊ सोयाबीन घेऊन मोंढ्यात आला होता, त्याला आडतीवरच गाठलं. तो, मी आणि कट्ट्यांची थप्पी. म्हटलं, चौघांची नावं लागू दे, पेरणीआधी कर्जाच्या संमतीवर मी दरवर्षी सही करीन, उत्पन्न तुझंच. कायद्याचं त्याला सगळं ठाऊक होतं. अडलं होतं ते भलतंच. म्हणाला, "लोक म्हणतील ह्येनं बहिणीला नीट वागवलं नसंल, म्हणून तिनं नाव लावलं." म्हणजे मी सही केली नाही तर लोकांत अब्रू त्याची जाणार! हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, मग तू सांग लोकांना की मीच लावून घेतलं. तो हसला, पण हो म्हणाला नाही. तारीख पुढं ढकललीय. चुलत्यांना तोच सांगणार आहे, वैनीशी मी बोलणार आहे.

ताई अजूनही सही करायची म्हणते, आणि तो तिचा प्रश्न आहे.

निवृत्त महसुली, कर्जाच्या संमतीत मी काय बघायचं?

निवृत्त महसुली

कर्ज कशाचं, किती आणि कोणत्या हंगामाचं, हे संमतीपत्रात लिहिलेलं असलं तरच सही करा. बोजा सातबाऱ्यावर चढतो, तो तुमच्या हिश्श्यालाही लागू होतो. त्यामुळे आधीचं कर्ज फिटून बोजा उतरल्याची नोंद दाखव म्हणायचं, मग पुढची सही. कोऱ्या स्टॅम्पवर सख्ख्या भावालाही नाही. आणि वारस फेरफाराची नोटीस तुमच्या लातूरच्या पत्त्यावर येईल असं बघा. माहेरच्या पत्त्यावर गेलेली नोटीस पोचतेच असं नाही, आणि हरकतीला दिवस मोजकेच असतात.