जुनी कॅराव्हॅन ट्रॉली, बजेट अडीच लाख: पाहायला जाताना काय तपासू?

हिंगणा_रोड:
बोलेरोमागे ओढायची एक जुनी कॅराव्हॅन ट्रॉली पाहून राहिलो आहे. १२ फुटी, एकाच अ‍ॅक्सलची. आत दोघांची झोपायची सोय, छोटा ओटा, मागच्या बाजूला ८० लिटरची पाण्याची टाकी, छतावर एसी. मालक ३ लाख २० हजार म्हणतो, माझा हात अडीचच्या वर जात नाही. पेंच, नागझिरा आणि जमलंच तर चिखलदरा एवढंच फिरायचं आहे. आतून एकदम चकाचक, नवी मॅट, नवा रंग. काय काय तपासू? आणि चालू एसीचे किती पैसे धरायचे?

लाकूडकाम:
नवी मॅट आणि नवा रंग म्हणता ना, मग तिथूनच सुरुवात करा. मॅट उचलू देत नसेल तर बोलणी थांबवा.

ट्रॉली मरते ती पाण्याने. आपल्याकडे मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रोज फुगून आणि आकसून सांध्यातलं सीलंट (फट बुजवायचा मसाला) तडकतं, आणि जूनमध्ये त्याच फटीतून पाणी आत जातं. वरून काही दिसत नाही, आतली लाकडी चौकट मात्र कुजत राहते. पेचकस घेऊन जा. चारही कोपरे, चाकाच्या कमानीभोवतीची जमीन आणि खिडक्यांचे खालचे कोपरे दाबून पाहा. पेचकस रुतला की प्लाय गेला. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत चला. आवाज पोकळ झाला किंवा पत्रा आत दबला तर तिथे पत्रा लाकडापासून सुटलेला आहे.

त्यानंतर पाइपने पाणी मारायचं, पण खालून वर. आधी चाकाची कमान, मग खिडक्या, शेवटी छत, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. सगळीकडे एकदम पाणी ओतलं तर गळती कुठली ते कळत नाही.

सांध्यांत व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन ताजं भरलेलं दिसलं तर विक्रीपुरती मलमपट्टी समजा. ते जस्ताच्या पत्र्याला खातं. या कामाला पॉलियुरेथेन सीलंट लागतं, तेही जुनं पूर्ण खरवडून काढल्यावर.

धरमकाटा:
भाऊ, नागपूरजवळच्या वाडीच्या बाजूला ट्रकांचे धरमकाटे आहेत. ट्रॉली गाडीपासून सोडवून तिथे वजन करा. मालकाच्या तोंडच्या वजनावर जाऊ नका. बोलेरोच्या पुस्तकात ओढायची मर्यादा बघा. युरोपात बिनब्रेकच्या ट्रॉलीला ७५० किलोची हद्द आहे. तीच आपणही पाळावी, चिखलदऱ्याच्या घाटासाठी तर नक्कीच.

मग हुकावरचा भार. हूक गाडीला लागतो त्याच उंचीला लाकडी ठोकळा लावून खाली घरातला वजनकाटा ठेवा. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार पुढे हवा, म्हणजे ७०० किलोला ५० ते ७०. तुमची टाकी मागे आहे. ती भरली की ८० किलो अ‍ॅक्सलच्या मागे जातात, हूक हलका होतो आणि वेगात ट्रॉली शेपटी हलवायला लागते. तसं झालं तर ब्रेक दाबू नका, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडा. टाकी मुक्कामाच्या गावी भरा.

हुकाचा गोळा आणि कपलिंग (ट्रॉलीची त्यावर बसणारी वाटी) यांच्यावरचे आकडे जुळवा. ५० मिलिमीटरचा गोळा दोन इंची कपलिंगमध्ये बसतो, पण सैल बसतो.

टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, टायर बदलायचेच. उभ्या ट्रॉलीचे टायर झिजत नाहीत, उन्हाने बाजूला चिरतात. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर बेअरिंग गेलं. २० किलोमीटर ओढून हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावा. हात ठेवता आला नाही तर ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय.

कागदपत्र_आधी:
ट्रॉलीला स्वतःची आरसी लागते. चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. आरसीवर शेतीची ट्रॉली आणि जागेवर कॅराव्हॅन असेल तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला बदल झाला. मंजुरीची नोंद नसेल तर घेऊ नका. एमएच ३१, ४० किंवा ४९ ची, म्हणजे नागपूरचीच असेल तर मालकी बदलायचं काम फॉर्म २९ आणि ३० वर होतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८. कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीचा नंबर तिच्या बाजूला आणि मागे बोलेरोचा नंबर लागतो. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

बारा_व्होल्ट:
एसीचे शून्य रुपये धरा. १०० अँपिअर-अवरच्या लेड बॅटरीत १,२०० वॉट-अवर, त्यातले निम्मेच वापरायचे. हजार वॉटचा एसी अर्धा तास चालेल. शिवाय छतावर जड वजन आणि एक जास्तीचं गळकं भोक. गॅसचा कप्पा असेल तर त्याला जमिनीलगत जाळी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. नळीवर तारीख पाहा, पाच वर्षांवरची बदला आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावा.

हिंगणा_रोड:
मॅट उचलली. उजव्या चाकाच्या कमानीजवळ तळहाताएवढी जागा मऊ आहे. मालक २ लाख ९० वर आला.

लाकूडकाम:
त्या जागेच्या वरच्या खिडकीपासून खाली जमिनीपर्यंत टकटक करत या. भिंत भरीव असेल आणि प्लाय खालच्या अंगाने काळा पडला असेल, तर पाणी चाकाने उडवलेलं आहे. तेवढा भाग कापून आयएस ७१० चा मरीन (पाण्यात टिकणारा) प्लाय टाकता येतो. तो खर्च, टायर आणि सीलंट वजा करून अडीचच्या आतच बोला. भिंत पोकळ वाजली तर पाणी खिडकीतून आतल्या आत उतरलंय आणि उभे खांब गेलेत. मग दीड लाखालाही नको.