वृक्षरेषेवरची बुटकी झुडपं: कुरणं वाचवायची म्हणून ती काढावीत का?

हिमरेषा

आल्प्समधल्या उंच कुरणांवर गुरं-मेंढ्या कमी जायला लागल्या, तशी मोकळ्या उतारांवर बुटकी झुडपं पसरू लागली. त्यामुळे झुडपं सरसकट काढा आणि कुरण पूर्ववत करा, असा आग्रह वारंवार धरला जातो. माझा त्याला ठाम विरोध आहे. या पट्ट्यातली झुडपं म्हणजे बिघडलेलं कुरण नव्हे. तो स्वतंत्र वनस्पतिसमाज आहे, आणि तोही एक नाही, अनेक.

वृक्षरेषेवर, म्हणजे जिच्या वर झाडं वाढू शकत नाहीत त्या उंचीवर, झाडं थांबतात ती मुख्यतः वाढीच्या हंगामातल्या थंडीमुळे. झाड उंच वाढतं, त्याच्यातून वारा खेळतो, म्हणून त्याच्या शेंड्याला भोवतालच्या हवेइतकीच ऊब मिळते. जगभरच्या वृक्षरेषांवर हंगामाचं सरासरी तापमान ६ ते ७ अंश सेल्सियसच्या आसपास भरतं. बुटकं झुडूप मात्र त्याच जागी जमिनीला चिकटून स्वतःचं हवामान तयार करतं.

वाऱ्याने झोडपलेल्या कड्यांवरची लोइझेलुरिया ही झुडपी वनस्पती घ्या. तिचं पान जेमतेम पाच-सात मिलिमीटरचं, जाड, तुकतुकीत, कडा खाली मुडपलेल्या. पानाच्या पाठीवर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना दोन अरुंद खाचा, त्या खाचांत बारीक लव, आणि पर्णरंध्रं तिथेच आत दडलेली. अशी असंख्य पानं एकमेकांना खेटून काही सेंटिमीटर जाडीचा गालिचा विणतात. वारा त्याच्या वरून निघून जातो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळच्या पाट्शरकोफेल (२२४६ मीटर) या डोंगरावर १९७०च्या दशकात या झुडपांचा बारकाईने अभ्यास झाला. उन्हाच्या वेळी या दाटीच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही जास्त चढतं. गळालेली पानंही त्याच दाटीत अडकून कुजतात, आणि त्या कच्च्या ह्युमसमध्ये मुळं खेळत राहतात. म्हणजे ऊब, ओल आणि खत, तिन्ही झुडूप स्वतःच सांभाळतं.

आता थोडं खाली, जिथे बर्फ साचतो तिथे या. तिथे ऱ्होडोडेंड्रॉन फेरुजिनियम हे झुडूप. त्याला हिवाळाभर बर्फाचं पांघरूण लागतंच. फांद्या उघड्या पडल्या तर जमीन गोठलेली, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वर उन्हात पानं मात्र वाळत जातात. बर्फ सर्वांत उशिरा वितळतो त्या खळग्यांत सॅलिक्स हर्बेसिया असते. ही विलोच, पण खोडं जमिनीखाली आणि वर दोन-चार पानं. लिनियसने तिला सगळ्या झाडांत सर्वांत लहान म्हटलं होतं. एकाच उतारावर वीस-तीस पावलांत हे तिन्ही समाज सापडू शकतात. कोयता घेऊन येणाऱ्याला यातलं काय दिसतं?

कुरणप्रेमी

पूर्णपणे असहमत. वर्णन सुंदर आहे, पण लोइझेलुरिया काढा असं कुणी म्हणतच नाही. वाऱ्याच्या कड्यावर कुरण कधी नव्हतंच. वाद आहे तो वृक्षरेषेच्या आसपासच्या उतारांचा. तिथे माणसाने हजारो वर्षं गुरं चारली आणि त्या चराईवर फुलझाडांनी भरलेलं गवताळ जग उभं राहिलं. अर्निका, जेन्शियन, ऑर्किड यांना उजेड लागतो. वर गुडघाभर ऱ्होडोडेंड्रॉन दाटलं की खाली मोजकीच सावलीतली जात उरते.

कायद्याचंच बोलायचं तर युरोपियन संघाच्या १९९२च्या अधिवास निर्देशात तुमच्या झुडपी रानाला ४०६० हा क्रमांक आहे, आणि नार्डस गवताच्या समृद्ध कुरणांना ६२३०. दोन्ही संरक्षित, पण प्राधान्याचा दर्जा आहे तो कुरणांना. जिथे एक वाढलं की दुसरं घटतं, तिथे हस्तक्षेप न करणं हाही निर्णयच असतो. त्याची किंमत गवत मोजतं.

शिवाय हिरवा आल्डर हे उंच झुडूप! चराई थांबलेल्या ओलसर उतारांवर तो बघता बघता भिंत उभी करतो. मुळांतल्या फ्रँकिया जिवाणूंमुळे हवेतला नायट्रोजन जमिनीत भरतो, जास्तीचा नायट्रेट होऊन पाण्यात उतरतो आणि खालची विविधता कोसळते. हेही 'होऊ द्या' म्हणायचं?

हिमरेषा

आल्डरबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण तो या चर्चेत बसत नाही. दोन-तीन मीटर वाढणारं ते झुडूप. बुटक्या झुडपांची चाल नेमकी उलटी असते. बिलबेरी, एम्पेट्रम, लोइझेलुरिया ही सगळी एरिका कुळातली. यांच्या मुळांशी राहणारी बुरशी आम्लयुक्त ह्युमसमधला सेंद्रिय नायट्रोजन थेट मिळवून देते. जमीन गरीबच राहते आणि त्या गरिबीतच हा समाज टिकतो. आल्डर जमीन खताने भरतो, ही झुडपं तिला मुठीत ठेवतात. दोघांना एकाच यादीत टाकून कापणीची परवानगी मागणं चुकीचं आहे.

आणि चराईने ऱ्होडोडेंड्रॉन आटोक्यात राहतं हा समज तपासा. ते विषारी आहे. गुरं त्याला सोडून भोवतालचं गवत खातात. जनावरं सैल सोडली तर त्याचंच फावतं.

कुरणप्रेमी

म्हणूनच नुसती चराई पुरत नाही, आधी हाताने तोडणी लागते. गुराखी पिढ्यान्पिढ्या हेच करत आले. तोंडानेही फरक पडतो: स्वित्झर्लंडमधल्या एंगाडिन जातीच्या मेंढ्या आल्डरची साल सोलून खातात आणि झुडूप वाळतं. कोणतं जनावर, किती आणि कधी, हे ठरवून चारलं तर चराई हे नेमकं हत्यार आहे.

उत्तरवारा

तुम्ही दोघं गुरांवर भांडताय, आणि खालून जमीन सरकते आहे. १९व्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्स जवळपास २ अंशांनी तापले आहेत. स्वित्झर्लंडमधल्या दावोसजवळ श्टिलबर्गला, वृक्षरेषेवरच्या जुन्या प्रायोगिक लागवडीत, २००१ ते २००९ अशी नऊ वर्षं कार्बन डायऑक्साइड वाढवून पाहिला, पुढे माती तापवूनही पाहिली. बिलबेरी जोमाने वाढली. तिचीच सख्खी बहीण म्हणावी अशी व्हॅक्सिनियम गॉल्थेरिऑइडिस वाढीव वायूला जवळपास ढिम्म राहिली. म्हणजे 'झुडपं वाढणार' हे भाकीतही सरसकट करता येत नाही.

बर्फाचं तर वेगळंच. बर्फ लवकर वितळला की हंगाम लांबतो आणि वनस्पतींचं भलं होतं, असं वाटतं. सॅलिक्स हर्बेसियाच्या बाबतीत उलट दिसलं आहे. बर्फ लवकर गेला की पालवी लवकर फुटते आणि उशिराच्या गोठवणाऱ्या रात्रींत सापडते. एकाच तापमानवाढीत बिलबेरी जिंकते, खळग्यातली विलो हरते. तुमच्या कोयत्याचा किंवा संयमाचा यावर काडीचाही परिणाम नाही.

दगडफूल

थोडं हिमालयाकडे बघू या. उत्तराखंडमधल्या फुलांच्या दरीला १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, चराई बंद झाली. नंतर पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम या उंच वनस्पतीने मोठाले पट्टे व्यापले आणि चराईबंदीचा त्यात किती वाटा, यावर वाद सुरू झाला. उद्यानाच्या व्यवस्थापनाला ती उपटण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. म्हणून मी कुरणप्रेमींच्या बाजूने आहे. शतकानुशतकांची चराई एका आदेशाने थांबवणं हा निसर्गाला दिलेला मोकळा श्वास नसतो.

हिमरेषा

उदाहरण मोलाचं, पण बेताने वापरा. पॉलिगोनम दर हिवाळ्यात वरून सुकणारी वनस्पती आहे, उपटली तर दोन-चार हंगामांत निकाल दिसतो. फेरुजिनियमची खोडं शंभर वर्षांहून जुनी असू शकतात. वर्षाचं वलय मिलिमीटरच्या अंशांत भरतं. तिथे चुकून कापलेलं आपल्या हयातीत परत येत नाही. उत्तरवारा, तुमच्याच मुद्द्यावरून सांगते: कोण हरणार हे हवामान ठरवणार असेल, तर हरणाऱ्यांना आपण आणखी धक्का का द्यायचा? बर्फाच्या खळग्यांत आणि वाऱ्याच्या कड्यांवर यंत्र, खत, कुंपण काहीही नको. यावर मी तडजोड करणार नाही.

कुरणप्रेमी

कडे आणि खळगे तुमचे. मधल्या उतारावर मात्र मी मागे हटत नाही. तिथे तोडणी सलग नको, तुकड्यातुकड्यांत हवी. काळ्या ग्राउस पक्ष्याला नेमकी हीच सरमिसळ लागते: लपायला झुडूप, खायला बिलबेरी आणि पिल्लांना किडे वेचायला मोकळं गवत. सलग रान वाढलं तर तोही जाईल.

हिमरेषा

मग कापणी पिल्लं उडती झाल्यावरच, आणि हातानेच. जड यंत्र एकदा फिरलं की वरचा ह्युमस फाटतो, आणि पहिल्याच जोराच्या पावसात तो उतारावरून खाली जातो.

कुरणप्रेमी

हाताने कापायला माणसं कुठून आणायची? गुराखी उरले नाहीत, हीच तर मूळ तक्रार आहे. लहान यंत्राला नाही म्हणालात तर तो उतार दहा-वीस वर्षांत बंदच होणार.